पुण्याला स्वतःचा एक टक्का विक्रीकर हवा का?

कर्वेरोडकर (धागाकर्ता)

हॉटेलच्या बिलाखाली दोन ओळी असतात. सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के. एक ओळ दिल्लीची, दुसरी मुंबईची. ज्या गल्लीत ते हॉटेल आहे, ज्या ड्रेनेजमध्ये त्याचं सांडपाणी जातं आणि ज्या गाड्या त्याचा ओला कचरा उचलतात, त्या शहराची ओळ कुठेच नाही.

ती असावी का, एवढाच माझा प्रश्न आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडा मागचा हिशेब. ३१ मार्च २०१३ पर्यंत पुण्यात जकात होती. १ एप्रिल २०१३ पासून तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला, म्हणजे बहुतेक सगळ्यांनाच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलंसुरलंही गेलं. तेव्हापासून महापालिकेला राज्याकडून दर महिन्याला भरपाई येते. २०१६-१७ चा आकडा पाया धरायचा आणि दर वर्षी ८ टक्के चक्रवाढीने वाढवायचा, असा २०१७ चा कायदा आहे. राज्याने स्वतःसाठी केंद्राकडून पहिली पाच वर्षं १४ टक्के वाढीची हमी घेतली होती. शहरांना मात्र ८.

८ टक्क्यांनी रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते, वाईट नाही. पण पाया धरला तेव्हाचं पुणे अडीचशे चौरस किलोमीटरचं होतं. २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला २३ आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर वेगळी झाली, ती वजा केली तरी शहर जवळजवळ दुप्पट झालंच.

माझा प्रस्ताव असा. शहराच्या हद्दीत जे विकलं जाईल त्यावर १ टक्का. धान्य, दूध, औषधं वगळून. मुदत पाच वर्षं, आणि पैसा फक्त दोन गोष्टींसाठी, पीएमपी (म्हणजे शहराची बस) आणि पाणी. महिन्याला ३० हजारांची करपात्र खरेदी करणाऱ्या घराला ३०० रुपये पडतील. द्याल का?

रविवारपेठ_घाऊक

नाही. पुढचा प्रश्न?

बरं, सविस्तर सांगतो. तुम्ही लोकांनी एलबीटी पेपरात वाचला, आम्ही तो दुकानात भोगला. २०१३ च्या एप्रिल-मे मध्ये शटर पाडून बसलो होतो ते हौस म्हणून नाही. जकात नाक्यावर ट्रक थांबायचा, पावती फाटायची, विषय संपायचा. वाट बघावी लागायची, चहापाण्याचे पैसे जायचे, सगळं मान्य. पण भानगड नाक्यावरच मिटायची. एलबीटीने नाका उचलून आमच्या गल्ल्यावर आणून ठेवला.

खरेदीचं प्रत्येक बिल उघडून बघायचं की माल हद्दीतून घेतलाय की बाहेरून. बाहेरचा असेल तर कर, आतला असेल तर नाही. पण आतल्या माणसाने तो भरलाय याचा कागद आपल्याकडे हवा. भवानी पेठेतून घेतलेली पोती आणि वाशीहून आलेली पोती एकाच गोडाऊनमध्ये, एकाच थप्पीला. आमच्या मुनीमजींनी खरेदीवहीत लाल पेनाने वेगळा रकाना आखला होता, ती वही अजून माळ्यावर आहे. व्हॅटचं विवरणपत्र वेगळं, याचं वेगळं. आणि वर तपासणीची टांगती तलवार.

जीएसटीबद्दल कितीही शिव्या घाला (मीही घालतो), पण एक पोर्टल, एक लॉगिन. आता पुन्हा शहराचा वेगळा कर म्हणालात तर मी पहिला माणूस शटर ओढणारा.

नियमावली

भावना बाजूला ठेवू, हा प्रस्ताव कायद्यातच बसत नाही.

महापालिकेला कर लावायचा स्वयंभू अधिकार नाही. घटनेचं कलम २४३एक्स सांगतं की राज्याचं विधिमंडळ कायद्याने जो कर लावू देईल तोच नगरपालिका लावू शकते. म्हणजे आधी तो अधिकार राज्याकडे असायला हवा. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्य सूचीतली ५२ वी नोंद, स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरचा कर, पूर्ण काढून टाकली. जकात आणि एलबीटी दोन्ही त्याच नोंदीवर उभे होते. ५४ वी नोंद, म्हणजे विक्रीकर, कापून पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू, विमानाचं इंधन, कच्चं तेल आणि दारू एवढ्यापुरती ठेवली.

थोडक्यात, साबणावर पुण्याने १ टक्का विक्रीकर लावायचा म्हटला तर पुण्याला तो अधिकार नाही आणि महाराष्ट्रालाही नाही. महाराष्ट्राकडे आहे तो एसजीएसटी, आणि त्याचे दर जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतात.

चहाबाज

म्हणजे दुसऱ्याच प्रतिसादात धागा बाद? मी आत्ताच भडंगाची वाटी घेऊन बसलो होतो.

कर्वेरोडकर

चहाबाज, भडंग ठेवू नका, संपला नाहीये.

नियमावली, मान्य. पण घटना २०१६ ला बदलली ना? मग पुन्हा बदलता येते. जीएसटीतला काही वाटा थेट तिसऱ्या स्तराला, म्हणजे महापालिका आणि पंचायतींना द्यावा, ही मांडणी माझी नाही. तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष विजय केळकर ती करत आलेत. रविवारपेठ, त्यात तुम्हाला वेगळं विवरणपत्र भरावं लागणार नाही. त्याच पोर्टलवर, त्याच आकड्यातला तुकडा शहराच्या नावाने निघेल.

रविवारपेठ_घाऊक

त्याच आकड्यातला की आकड्याच्या वरचा? आधी ते ठरवा. १८ चे १९ होणार असतील तर माझं उत्तर वरच आहे. १८ मधलाच एक काढणार असाल तर मला काय, मुंबईने द्यावा नाहीतर दिल्लीने द्यावा. माझा खिसा सोडून कुणाचाही कापा.

सदाशिव_ते_सॅनहोजे

मी जिथे राहते तिथे हा प्रकार रोजचा आहे, म्हणून लिहिते.

कॅलिफोर्नियात राज्यभर विक्रीकराचा किमान दर ७.२५ टक्के. त्यातला १ टक्का ज्या शहरात विक्री झाली त्या शहराला जातो. त्याच्यावर शहरं आणि काउंट्या मतदारांना विचारून स्वतःची भर घालतात. सॅन होजेने जून २०१६ मध्ये पाव टक्का कर मतदानाला ठेवला, १५ वर्षांच्या मुदतीचा, आणि लोकांनी तो मंजूर केला. कर्वेरोडकरांच्या डोक्यात हेच असावं.

पण गोम पुढे आहे. तिथे ठराविक कामासाठीच राखलेला कर असेल तर शहराने मांडलेल्या प्रस्तावाला दोन तृतीयांश मतं लागतात. सर्वसाधारण तिजोरीत जाणारा असेल तर साधं बहुमत पुरतं. मग शहरं काय करतात? प्रचारात पोलीस, आगीचे बंब आणि खड्डे दाखवतात, कागदावर मात्र कर सर्वसाधारण ठेवतात. सॅन होजेचाही सर्वसाधारणच होता. 'फक्त बस आणि पाणी' हे पाळायला लावणं तिथेही सोपं नाही.

दुसरी गंमत. विक्रीवर १ टक्का मिळतो म्हटल्यावर शहराला घरं नकोशी होतात आणि गाड्यांची शोरूम हवीशी वाटतात. शोरूम कर आणते, घरातली मुलं शाळा आणि बागा मागतात. शेजारशेजारची शहरं एकमेकांची दुकानं पळवतात. हे का झालं, तर १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने मालमत्ता कर बांधून टाकला. तो पर्याय आटला म्हणून सगळे विक्रीकराच्या मागे लागले. पुण्यातही मालमत्ता कराला हात लावायची कुणाची हिंमत नाही, ते इकडे बसून दिसतं.

आणि हो, किराणा मालावर बहुतांशी कर नाही, पण इतर वस्तूंवर लिहिलेली किंमत करासकट नसते. आई पहिल्यांदा आली तेव्हा काउंटरवर तिने त्या मुलीशी चक्क हुज्जत घातली होती, "यावर छापलंय ते काय मग?"

चिंचवडचा

लावा, लावा. पुण्यात १ टक्का लागला की तुमचे टीव्ही, फ्रिज आणि गाड्या आमच्याकडून न्या. पार्किंगही मिळेल.

चहाबाज

@चिंचवडचा, पार्किंग मिळेल, पण दुपारी एक ते चार दुकान उघडं दिसल्यावर पुणेकराला संशय येईल त्याचं काय?

पेठेतला_पाहुणा

जकातच बरी होती. शेवाळवाडीला ट्रकच्या रांगा लागायच्या, पण पैसा रोजच्या रोज तिजोरीत यायचा. मुंबईकडे हात पसरावे लागत नव्हते. बाकी चालू द्या.

धायरी_फाटा

३०० रुपये द्याल का म्हणे. दादा, आम्ही महिन्याला त्याहून जास्त टँकरला देतो. आमची सोसायटी ३६ फ्लॅटची. उन्हाळ्यात टँकरची वर्गणी मेंटेनन्सच्या बरोबरीने जाते. गाव महापालिकेत आलं, बिलं आली, नळाचं पाणी अजून वाटेतच आहे.

२०२५ च्या जानेवारीत नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघाले तेव्हा सगळ्या राज्याला कळलं की धरणाच्या पायथ्याशी राहून आम्ही काय पाणी पितो. त्या महिनाभर मी पाणी उकळून, गाळून, वर थेंब टाकून मुलांच्या बाटल्या भरत होते, आणि भाजीसुद्धा उकळलेल्या पाण्याने धूत होते. गॅसचा खर्च कुठल्या करात धरायचा?

आणि विक्रीकर सगळ्यांना सारखा, हे मला पटत नाही. माझ्याकडे काम करायला येणाऱ्या मावशी जो साबण घेतात तोच मी घेते. त्यांच्या पगारात त्या १ टक्क्याचं वजन केवढं आणि माझ्या केवढं? धान्य-दूध वगळलंत, पण चप्पल, छत्री, मुलाचं दप्तर, मोबाईलचं रिचार्ज हे काय त्या घेत नाहीत? कर घ्यायचाच तर ज्याचं घर मोठं त्याच्याकडून घ्या.

अंदाजपत्रक_वाचक

धायरी_फाटा यांच्याशी सहमत, आणि घराचा विषय निघालाच आहे तर तो कुणी बोलत नाही असा मुद्दा काढतो. स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात मिळकत करात ४० टक्के सवलत आहे, १९७० पासूनची. मध्ये राज्याने ती काढली होती, २०२३ ला परत दिली. पीटी-३ फॉर्म भरा आणि सवलत घ्या. मीही घेतो. पण ज्या शहरात चार खोल्यांच्या फ्लॅटवाल्यालाही ४० टक्के सूट लागते, तिथे मावशींच्या साबणावर कर लावायची चर्चा करायला जरा संकोच वाटला पाहिजे.

आता 'फक्त दोनच गोष्टींसाठी' याबद्दल. महापालिकेचं अंदाजपत्रक ज्याने कधी उघडलंय त्याला दोन शब्द माहीत असतात, 'स यादी' आणि 'वर्गीकरण'. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात भर घालते, आणि नगरसेवकांची प्रभागातली कामं 'स' यादीत येतात. बाकडी, नामफलक, ओपन जिम, चांगल्या फरशा उखडून बसवलेले नवे पेव्हिंग ब्लॉक. मग वर्षाच्या मध्यात वर्गीकरण. एका कामासाठी ठेवलेला पैसा ठराव करून दुसऱ्या कामाला वळवायचा. जानेवारी-फेब्रुवारीत वर्गीकरणाचे ठराव वाचा. पाण्याच्या लाईनसाठी ठेवलेली रक्कम कापडी पिशव्यांच्या वाटपापर्यंत कशी पोचते ते तिथे दिसतं. पूर्णपणे कायदेशीर.

मग २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. तेव्हा स यादी नव्हती, पण विचारायला माणूसही नव्हता. कर्वेरोडकर, त्या काळात तुमचा पाच वर्षांचा कर चालू असता तर तो कशावर खर्च झाला हे तुम्ही कुणाला विचारलं असतं?

राखीव पैसा राखीव राहिल्याचं एक उदाहरण मात्र आहे. जून २०१७ मध्ये महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने, मुंबई शेअर बाजारात नोंदवून. तिथे कर्ज देणारा दारात उभा असतो, त्यामुळे परतफेडीचा पैसा बाकड्यांकडे वळवता येत नाही. नागरिकाला मात्र कुणी दारात उभं करत नाही.

कर्वेरोडकर

हा फटका जोरात बसला. पण मग नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक पुण्यातच सुरू झालं ना, २००६ साली? क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून काम सुचवायचं?

अंदाजपत्रक_वाचक

झालं, आणि चांगली गोष्ट आहे. मी फॉर्म भरतो. पण त्यात तुम्ही पदपथ दुरुस्त करा म्हणू शकता. पीएमपीला किती बस घ्यायच्या हे त्या फॉर्मवर विचारत नाहीत.

वाकड_ते_हडपसर

सगळे साबणावर भांडताय, पण पुण्यात १ टक्का स्थानिक कर आजही आहे आणि तो भरताना कुणी चूं करत नाही. मी नुकताच फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क ७ टक्के. वकिलाने फोड करून दिली: ५ टक्के मूळ, १ टक्का एलबीटी, १ टक्का मेट्रो अधिभार. मी म्हटलं एलबीटी तर बंद झाला ना? तो हसला. दुकानातून गेला, दस्तात राहिला. ८० लाखांच्या फ्लॅटवर ८० हजार रुपये, एकरकमी. कर्वेरोडकरांचे महिन्याचे ३०० धरले तर बावीस वर्षांचा कर मी एका सकाळी निबंधक कार्यालयात भरून आलो.

आणि तोही थेट महापालिकेला जात नाही. राज्य गोळा करतं, मग वाटा येतो.

नियमावली

बरोबर, तो अधिभार एलबीटीबरोबरच आला, आणि एलबीटी गेल्यावरही राहिला.

यावरून मला जे मांडायचं होतं तिकडे येतो. विक्रीकराची दारं बंद आहेत, पण एक दार उघडं आहे आणि त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. व्यवसाय कर. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. घटनेचं कलम २७६ हा कर राज्य, नगरपालिका किंवा पंचायत कुणालाही घेऊ देतं. २,५०० ची मर्यादा १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने घातली आणि ती आजही तीच आहे.

महाराष्ट्रात तो १९७५ च्या कायद्याने राज्य घेतं. रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून तो सुरू झाला. तामिळनाडूत आणि केरळात मात्र हाच कर स्थानिक संस्था घेतात. गुजरातमध्येही २००८ पासून महापालिकांकडे दिलाय. म्हणजे घटना तीच, कर तोच, चेन्नईला मिळतो आणि पुण्याला मिळत नाही. विधिमंडळाने एक दुरुस्ती केली तर पुणेकराच्या खिशातून एक पैसाही जास्त न जाता हा पैसा शहरात राहील.

मावशींवर बोजा नाही, कारण ७,५०० च्या आतल्या पगाराला तो लागत नाही आणि कमी पगाराच्या स्त्रियांना वेगळी सूट आहे. पगाराप्रमाणे चढत जाणारी रचना फारशी नाही हे खरं. पाच लाख महिना कमावणाराही २,५०० च भरतो.

धायरी_फाटा

हे मी आजवर कुठल्याही प्रचारसभेत ऐकलं नाही. माझ्या नवऱ्याच्या स्लिपवर २०० दिसतात, मला वाटायचं ते इन्कम टॅक्सचंच पिल्लू आहे.

वाकड_ते_हडपसर

एक मिनिट. कर नोकरीच्या जागेवर धरणार की घरच्या पत्त्यावर? आमच्या बिल्डिंगमधली अर्धी माणसं सकाळी हिंजवडीला जातात. हिंजवडी ना पुण्यात ना पिंपरी-चिंचवडमध्ये, ती ग्रामपंचायत आहे. कंपनी तिथे, पगार तिथे कापला जातो. पाणी, कचरा, मुलांची बाग सगळं हडपसरला. मग २,५०० कुणाचे?

चिंचवडचा

मधल्या रस्त्यावर दीड तास आमच्या हद्दीत उभे असता. आम्हाला द्या.

नियमावली

प्रश्न रास्त आहे. तामिळनाडूत मालकाचं कार्यालय जिथे आहे तिथली संस्था पगारातून कापून घेते. ते जसंच्या तसं इकडे आणलं तर हिंजवडीचा सगळा पैसा एका ग्रामपंचायतीला जाईल. पण सगळ्या महानगर प्रदेशाचा एक गल्ला करून पीएमपीला देता येईल. पीएमपीचा तोटा आज पुणे आणि पिंपरी-चिंचवड ६०:४० भरतात. पीएमआरडीएच्या (महानगर विकास प्राधिकरणाच्या) हद्दीतल्या गावांत बस फिरते, त्या गावांचा हिशेब धूसरच असतो. व्यवसाय कर थेट बसला जोडला तर माणूस कुठे राहतो हा वाद बराचसा सुटतो, कारण बस दोन्ही टोकांना लागते.

अंदाजपत्रक_वाचक

आणि पीएमपीच्या खात्यात गेलेल्या पैशाचं वर्गीकरण करून बाकडी घेता येत नाहीत. ती २००७ पासून स्वतंत्र कंपनी आहे. मला हे आवडलं. फक्त एक धोका. शहराकडे व्यवसाय कर दिला की राज्य दुसऱ्या हाताने जीएसटी भरपाईची ८ टक्क्यांची वाढ गोठवायला बघेल. तुम्हाला स्वतःचं उत्पन्न आहे ना आता, म्हणेल. दुरुस्तीच्या मसुद्यात भरपाईला हात लागणार नाही हे एका ओळीत लिहून घ्यायला हवं.

कर्वेरोडकर

मान्य. माझा विक्रीकर मागे घेत नाही, पण त्याला दिल्ली लागते आणि याला मुंबईच पुरते, तर आधी हे. नियमावली, दुरुस्तीचा एक पानी मसुदा कराल का? अंदाजपत्रक_वाचकांची भरपाईची ओळ त्यात घाला. आपल्या भागातल्या आमदाराला मी स्वतः नेऊन देतो. इथल्या बाकीच्यांनी आपापल्या.

रविवारपेठ_घाऊक

मी पीटीईसीचे, म्हणजे स्वतःच्या व्यवसाय कराचे, २,५०० दर वर्षी भरतो, आणि दुकानातल्या पोरांचे पीटीआरसीवर वेगळे भरतो. ते बसला जाणार असतील तर माझी हरकत नाही, पोरं बसनेच येतात. पण मसुद्यात आणखी एक ओळ घाला. नोंदणी क्रमांक तोच राहील, पोर्टल तेच राहील, विवरणपत्र तेच राहील, आणि तपासणीला एकच माणूस येईल. ती ओळ असेल तर रविवार पेठेतल्या सह्या मी गोळा करतो.

नियमावली

ओळ घातली. रविवारपर्यंत मसुदा इथेच टाकतो.

चहाबाज

सह्यांना लक्ष्मी रोडला येणार असाल तर एकच्या आत या.